उशाला बनुबाई

डोळ्याच्या ऑपरेशनला माणसं लागतात किती? चाकू धरणारं एक, हत्यारं हातात देणारं एक आणि टेबलावर पडून राहणारं एक. पण सांगलीच्या डॉक्टर विनोदिनीबाई जिथं जिथं मोतीबिंदूचं शिबिर घ्यायच्या, तिथं चौथं माणूस लागायचंच. ते पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसायचं आणि नुसतं बोलायचं. औषध नाही, सुई नाही, अंगारा नाही. ते बोलायचं आणि खालचा माणूस निपचित पडून राहायचा. त्या चौथ्या माणसाचं नाव बनुबाई.

दवाखान्याच्या कागदावर ती आया. शाळा चौथीपर्यंत, माहेर शिराळ्याकडचं, नवरा आकाराम मिल्ट्रीत हवालदार. ऑपरेशनच्या खोलीत जाताना बाकीच्या बाया बांगड्या काढून ठेवायच्या, ही ऐकायची नाही. "माजा मालक तिकडं बंदूक घिऊन उबा ऱ्हातोय, आनि मी हितं हात मोकळं करू व्हय?" असं म्हणून हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकवायची आणि त्यावर बँडेजची पट्टी करकचून गुंडाळायची. विनोदिनीबाईंनी एकदोनदा डोळे वटारले, मग नाद सोडला. कुणी विचारलं, "बाई, तुमी हितं काय काम करता?" तर ती सांगायची, "मी बोलती."

तिचं कौतुक सांगायचं तर सुरुवात तिच्या चुकीपासून करावी लागते. लपवून काय उपयोग? तिनं स्वतः कधी लपवली नाही, तर आपण कोण लपवणार!

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. बनुबाईला दवाखान्यात लागून तीन महिने झाले होते. काम म्हणजे फरशी पुसायची, पाणी उकळायचं. वारणेकाठच्या एका गावात शिबिर होतं. तेव्हा मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळ्याभोवती सुई देऊन तेवढाच भाग बधिर करायचे. माणूस टक्क जागा. बुबुळाच्या कडेनं अर्धगोल चिरायचं आणि आतला पिकलेला मणी अख्खाच्या अख्खा बाहेर घ्यायचा. त्या दोनचार मिनिटांत माणूस खोकला किंवा नुसती मान उचलली, तरी आतला चिकट द्रव बाहेर यायचा. तो आला की डोळा गेलाच म्हणून समजा.

टेबलावर नाथाजी नावाचा शेतकरी होता. पंचावन्नचा गडी, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. पण चाकूपुढं मिशा काय करणार? पायाच्या नखापासून लटलट कापत होता. कोपऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या बनुबाईला कीव आली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती पुढं झाली, त्याच्या कानाशी वाकली आणि मायेनं म्हणाली, "ज्योतिबाच्या नावानं..."

तिला पुढं म्हणायचं होतं, "ज्योतिबाच्या नावानं निवांत पडा, भाऊ." पण तिला तेवढी सवड मिळाली नाही. सातारा-सांगलीच्या माणसापुढं "ज्योतिबाच्या नावानं" म्हटलं की तो विचार करत बसत नाही. एस्टीत पेंगत असू दे, जेवत असू दे, नाहीतर भांडत असू दे, त्याच्या तोंडातून "चांगभलं" निघतंच आणि हात वर जातातच. नाथाजी तर पिढीजात ज्योतिबाचा माणूस. "चांगभलं!" असा खणखणीत आवाज करून त्यानं चादरीखालचे दोन्ही हात काढले आणि मान उचलली. चाकू आत होता.

चूक तरी कसली बघा! पुण्यामुंबईच्या माणसानं ही चूक करायची ठरवली असती तरी त्याला करता आली नसती.

नाथाजीचा उजवा डोळा गेला. कुणी केलं, हे त्याला कळलंच नाही. कानाशी एक बाई बोलली, एवढंच कळलं. तो गावी गेला आणि त्या बिननावाच्या बाईला शिव्या देत राहिला. इकडं बनुबाईनं दोन दिवस तोंडात घास घातला नाही. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून ती विनोदिनीबाईंपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाती. माज्या तोंडानं मानसाचा डोळा गेला."

विनोदिनीबाई तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या सरळ. त्या म्हणाल्या, "तोंडानं गेला ना? मग त्या तोंडात ताकद आहे. आमच्या सांगण्यानं ज्याचं कापणं थांबलं नाही, त्याचे हात तुमच्या दोन शब्दांनी वर गेले. जायचं तर जा. राहिलात तर हे बोलणं कसं चालतं ते शिका."

शिकवणार कोण? गुरू नाही, पुस्तक नाही. पण बनुबाई राहिली. पुसायचं फडकं हातात घेऊन ती कोपऱ्यात बसायची आणि कुणाच्या कुठल्या बोलण्यानं टेबलावरचं अंग काय करतं, ते बघायची. घरी जाऊन भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात तेच.

पहिली गोष्ट तिला दिसली ती "हलू नका" या बोलण्याची. कंपाउंडर ओरडायचा, "हलू नका हां, अजिबात हलू नका!" आणि नेमका त्याच वेळी पेशंटचा अंगठा हलायचा. बनुबाईला आपलं लहानपण आठवलं. दुधाचा तांब्या घेऊन निघालं की आई मागून म्हणायची, "सांडू नगं गं!" की सांडलंच. चुलती मात्र म्हणायची, "दोनी हातानं धर," आणि थेंब सांडायचा नाही. "हलू नगं म्हटलं की मानसाच्या मनात आदी हलनं येतंय," ती विनोदिनीबाईंना म्हणाली, "मागनं 'नगं' येतंय. तंवर पाय हाललेला अस्तोय." त्या दिवसापासून त्या खोलीत "हलू नका" बंद झालं. जे करू नये ते बोलायचं नाही, जे करायचं तेवढंच बोलायचं.

मग तिला श्वासाचं कळलं. घाबरलेल्या माणसाला "सावकाश श्वास घ्या" म्हणून भागत नाही. ती आधी त्याच्याबरोबर तसाच भराभर श्वास घ्यायची, त्याच चालीत बोलायची आणि मग आपला श्वास हळूहळू लांबवायची. समोरच्याचाही लांबायचा, त्याला पत्ता लागायचा नाही. आणि बोलताना पहिल्यांदा खरं बोलायची. "फळी गार लागतीया न्हवं पाठीला? दिव्याचं ऊन गालावर आलंया. बाहीर यष्टी थांबली बगा." हे सगळं त्या माणसाला कळतच असायचं, त्यामुळं तो मनात व्हय व्हय म्हणत जायचा. त्यावर ती म्हणायची, "आता अंग जड पडाय लागलंया." ह्यालाही तो व्हय म्हणायचा आणि अंग खरंच जड पडायचं. "तीन खरं सांगितलं की चौथं कुनी तपासून बघत न्हाई," ती म्हणायची. ही विद्या इलेक्शनला उभं राहणाऱ्यांना जन्मापासून येते, ती गोष्ट वेगळी. बनुबाईनं ती लोकांच्या डोळ्यांसाठी कमावली.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिनं पुन्हा कधी स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या कानात ओतलं नाही. आदल्या दिवशी पेशंटजवळ बसायची आणि त्यालाच बोलतं करायची. तुमचं काम काय, हात कशात रमतो, मन कुठं लागतं. वाईचे अनंतभटजी आले होते. ते प्रत्येक गोष्ट कानानं सांगायचे: घाटावरची घंटा अशी वाजते, अमक्याचा आवाज असा लागतो. त्यांना तिनं टेबलावर एवढंच सांगितलं, "पोथी मनातल्या मनात म्हना, मला ऐकू येतीया." भटजी ओठसुद्धा न हलवता पडून राहिले. माणकडच्या राहीबाईचं सगळं हाताला कळायचं. तिला तिनं मनातल्या मनात शेळीच्या पाठीवरून हात फिरवायला लावला. राहीबाई तर टेबलावर घोरायलाच लागली, तिला जागं ठेवता ठेवता पुरेवाट झाली.

दोन वर्षांत असं झालं की चाकू उचलण्याआधी विनोदिनीबाई विचारायच्या, "उशाला बनुबाई आहेत ना?" सुट्टीवर आलेल्या आकारामला हे समजलं तेव्हा तो गावच्या पारावर जाऊन मिशीला पीळ देत म्हणाला, "गड्यांनो, एकाहत्तरच्या लढाईत आमाला सायब म्हनायचं, हलायचं न्हाई. तरी आमी हलायचो. आन आमची मंडळी बगा, नुसतं बोलती आन म्हातारं जागचं हलत न्हाई!" सगळे हसले. आकारामची छाती मात्र वीतभर वर आली होती.

एकोणऐंशी साली विनोदिनीबाईंची भाची शरयू आली. ती सांगलीत कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. तिचा भाऊ कॅलिफोर्नियात होता आणि त्यानं तिला तिकडच्या एका नव्या शास्त्राचे टाइप केलेले कागद पाठवले होते. शरयूनं बनुबाईला दोन दिवस उशाला बसलेली बघितली आणि तिसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढं मांडी ठोकली.

"बनुमावशी, तुम्ही जे करता ना, त्याला तिकडं नाव आहे. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग."

"आगं बया! येवढं लांब नाव? बारशाला आत्या किती व्हत्या?"

शरयू हसून लोळली. मग तिनं सोपं करून सांगितलं. न्यूरो म्हणजे मेंदूचं, मज्जातंतूंचं. माणूस जग डोळ्यांनी, कानांनी, अंगानं आत घेतो. लिंग्विस्टिक म्हणजे भाषेचं. आत घेतलेल्याचे तो शब्द करतो आणि तेच शब्द त्याला परत हलवतात. प्रोग्रॅमिंग म्हणजे आखून ठेवलेल्या पायऱ्या. तीच हाक आली की तेच पाऊल पडतं. हे सगळं ओळखलं तर पाऊल बदलता येतं, असं ते लोक म्हणतात. आणि एखादा माणूस एखाद्या कामात तरबेज असेल तर तो नेमकं काय करतो ते बारकाईनं टिपायचं, म्हणजे दुसऱ्यालाही शिकवता येतं.

"एखाद्या हाकेला किंवा स्पर्शाला मनाची एखादी अवस्था बांधून ठेवायची, ह्याला ते अँकर म्हणतात," शरयू म्हणाली. "अँकर म्हणजे जहाजाचा नांगर."

"नांगर कसला? नांगर रान उलटं करतोय. खुटी म्हना की. जनावर खुटीला बांदल्यागत."

शरयूनं कागदावर "खुंटी" लिहून घेतलं. त्या शास्त्रावर पुढं पंडितांची बरीच भांडणं झाली. त्यातलं किती कसाला उतरलं आणि किती नुसता बोलबाला होता, ते त्यांनाच विचारा. बनुबाईचं मात्र रोज टेबलावर तपासलं जात होतं, माणसाच्या डोळ्यासकट.

त्याच वर्षी चैत्रात बंगलोर रस्त्यालगतच्या एका धर्मशाळेत शिबिर लागलं. शरयू दारात नावं लिहून घेत होती. धोंडुबाई नावाची एक बाई आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. नवऱ्याचा एक डोळा पांढरा आणि दुसरा लालबुंद, पाणी गळणारा. कपाळाला फडकं आवळून बांधलेलं. नाव लिहिण्याआधी तोच बोलला, "आदी येक सांगा. मागल्या खेपंला जी बाई कानात बोलली, ती हितं आसंल तर मी ह्यो चाललो."

बनुबाई पलीकडं चादरी घड्या करत होती. तिनं मिशा ओळखल्या. हातातली चादर हातातच राहिली.

विनोदिनीबाईंनी डोळा तपासला. मोतीबिंदू पिकून आत फुगला होता, डोळा दगडासारखा टणक झाला होता. "रात्रीतून गोळ्या देऊन ताण उतरवते. उद्या सकाळी काढायलाच हवा. आणखी दोन दिवस गेले तर हाही डोळा जाईल," त्या म्हणाल्या. मग बनुबाईला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "उद्या तुम्ही आत येऊ नका. दुसऱ्या कुणाला बसवू. तुम्ही इथं आहात हे त्याला कळायचंही नाही."

बनुबाईला क्षणभर सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू? पण ते क्षणभरच. "आवं बाई, दुसरीला काय ठावं, ह्यो मानूस कशानं हालतोय ते?" ती म्हणाली. "मला ठावं हाय. आनि त्याला न सांगता मी उशाला बसायची न्हाई."

ती जाऊन नाथाजीच्या सतरंजीपुढं बसली.

"नाथाजीभाऊ, त्या खेपंला कानात बोलली ती मीच."

नाथाजीनं आवाज ओळखला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. पाच वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तुझं वाटोळं होऊ दे, तुझ्या तोंडात माती पडू दे, माझ्या नातवाचं तोंड मी अर्ध्या डोळ्यानं बघितलं ते तुझ्यामुळं. व्हरांड्यातली माणसं उठून बसली. शरयू पुढं धावणार होती, विनोदिनीबाईंनी तिला हातानं थांबवलं. बनुबाई मान खाली घालून ऐकत राहिली. मधे एकदाही "तसं न्हवं" म्हणाली नाही. जे होतं ते तसंच होतं.

दम लागल्यावर नाथाजी थांबला. "मग आता कशापायी आलीस?"

"ह्यो डोळा वाचवाय. तुमी नगं म्हनला तर उटून जाती. पर सांगून जाती."

तेव्हा धोंडुबाई बोलली. तोवर ती नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत नुसती बसली होती. "आवं, बसू द्या की तिला. जी एकदा चुकली, ती डोळ्यात तेल घालून बसंल. न चुकलेलीचा काय भरवसा?"

शेवटी नाथाजी तोंड फिरवून म्हणाला, "बसू दे."

आता खरा पेच उभा राहिला. चैत्राची यात्रा तोंडावर. गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे वीस-तीस हात उंच बांबूची सजवलेली निशाणं, ज्योतिबाच्या डोंगराकडं त्याच रस्त्यानं निघाल्या होत्या. दर तासाला हलगी वाजायची आणि "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं"चा गजर व्हायचा. बाकीच्या पेशंटांच्या कानात कापसाचे बोळे घालून भागलं होतं. पण नाथाजी त्या गजरानंच धसकलेला. लांबून हलगी ऐकली तरी त्याची मान ताठ व्हायची.

"ह्याच्याही कानात बोळे घालू," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"मग माजंबी बोलनं त्याला ऐकू यायचं न्हाई. आनि हलगी कानात न्हाई, छातीत वाजती," बनुबाई म्हणाली. ती परत नाथाजीजवळ गेली आणि नेहमीसारखं त्याला बोलतं करायला लागली. शेती, बैल, नातू. नाथाजी तुटक तुटक बोलत होता. एवढ्यात रस्त्यावरून एक काठी गेली, तसा तो हळहळला. "आमच्या गावची काठी पंदरा वर्सं ह्या हातात व्हती. डोळा गेला आनि काठी गेली."

बनुबाई सावरून बसली. "काठी कशी धरायची, भाऊ?"

"बुंदा कमरंच्या पट्ट्यात. दोनी हात छातीपाशी. चारी बाजूला दोर धरून गडी अस्त्यात, पर भार आपल्याव."

"आनि लोकं चांगभलं म्हनली की तुमी हात वर करता?"

"खुळी का काय तू!" नाथाजी खेकसला. "हात सोडला तर काठी मानसांवर यील की! लोकं वरडतील, गुलाल उदळतील, नाचतील. काठीवाला हालत न्हाई. जितका गजर, तितकी घट धरायची."

"आनि मान?"

"मान कशी हालंल? नजर शेंड्याला."

बनुबाईला वाटलं, ह्याला आता मिठी मारावी. ज्या हाकेनं ह्याचं अंग उसळलं होतं, त्याच हाकेला स्थिर उभं राहायची सवयही ह्याच अंगात पंधरा वर्षं मुरलेली होती. तिनं नवीन काही शिकवायचं नव्हतं. फक्त त्याला भक्तांच्या गर्दीतून काढून काठीपाशी उभं करायचं होतं.

त्याच दुपारी धर्मशाळेमागच्या चिंचेखाली तिनं बाक टाकला आणि नाथाजीला त्यावर उताणा झोपवला. ऑपरेशन झालेले पेशंट लांब, आतल्या खोल्यांत होते. त्यांच्या नातेवाइकांना ती गोळा करून घेऊन आली. "पट्टा आवळला, भाऊ? बुंदा बसला? हात छातीपाशी. नजर शेंड्याला. शेंड्याचा तुरा कसला हाय?" नाथाजी म्हणाला, "मोरपिसांचा." तो आता बाकावर नव्हताच. मग बनुबाईनं लोकांना खूण केली आणि पंचवीस-तीस माणसं चिंचेखाली कडाडली, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" पहिल्यांदा नाथाजीचे हात सुटले. दुसऱ्यांदा बोटं हलली. पाचव्यांदा हात छातीशी मिटले आणि मान खांबासारखी राहिली. सातव्यांदा लोकांचेच घसे बसले. एक म्हातारी म्हणाली, "बाय, ज्योतिबाच्या डोंगरावर जायाचं कामच उरलं न्हाई!" शरयूचा टेप संपला तरी तिला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी टेबलावर होता. बनुबाईनं बांगड्यांवर पट्टी गुंडाळली आणि उशाला बसली. ती आधी त्याच्या श्वासाला श्वास लावून बसली. दोघांचेही श्वास हळूहळू लांबले.

"फळी गार लागतीया. दिव्याचं ऊन गालाव आलंया. पट्टा आवळलाय. बुंदा बसलाय. काठी तुमच्या हातात हाय, भाऊ."

विनोदिनीबाईंनी चीर दिली. आतला मणी सुटत आला, अर्धा बाहेर आला, आणि रस्त्यावर हलगी कडाडली. कुठल्या तरी गावची मोठी काठी असावी. खिडकीची तावदानं थरथरली. विनोदिनीबाईंचा हात जागच्या जागी थांबला. दारात उभ्या असलेल्या शरयूनं डोळे मिटून घेतले.

बनुबाईनं आवाज चढवला नाही. "हाक आलीया. घट धरा."

बाहेर शंभर गळ्यांनी गजर केला. चादरीखाली नाथाजीच्या मुठी छातीपाशी आवळल्या गेल्या. मान तसूभर हलली नाही. गजर पुन्हा झाला, तिसऱ्यांदा झाला. दर वेळी मुठी आणखी घट्ट, श्वास आणखी खोल. विनोदिनीबाईंनी मणी अलगद बाहेर घेतला, टाके घातले, पट्टी बांधली आणि मग स्वतःच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढा स्थिर डोळा त्यांनी पाहिला नव्हता, असं त्या नंतर प्रत्येकाला सांगत सुटल्या. आणि त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे उंबराला फूल येण्यापैकीच!

दीड महिन्यानं नाथाजी चष्म्यासाठी सांगलीच्या दवाखान्यात आला. धोंडुबाई बरोबर होतीच. विनोदिनीबाईंनी त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढवला. त्यानं आपले हात उलटसुलट करून बघितले. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, तारखेसकट. बायकोकडं बघून म्हणाला, "म्हातारी झालीस की गं!" ती म्हणाली, "आनि तुमी काय कवळं ऱ्हायलाय?"

मग त्यानं विचारलं, "ती बाई कुटं हाय?"

बनुबाई कोपऱ्यात पाणी उकळत होती. ती पदराला हात पुसत पुढं आली. नाथाजीनं तिला पहिल्यांदाच बघितलं. खूप वेळ बघत राहिला. पाच वर्षं ज्या बाईला शिव्या घातल्या, ती इतकी बारकी, गालफडं बसलेली, साधी बाई असेल असं त्याला वाटलं नसावं. बनुबाईला वाटलं, हा आता काय म्हणेल ते म्हणू दे, आपण ऐकून घ्यायचं.

नाथाजी मात्र विनोदिनीबाईंकडं वळला आणि धोंडुबाईचा हात धरून तिला पुढं केलं. "डॉक्टरीनबाई, हिच्याबी डोळ्याव पडदा आलाय. वरीस झालं, मला सांगत न्हवती. तेवडं नाव लिवून घ्या. पर एक आट हाय माजी. उशाला हीच बाई पायजे. दुसरी आसंल तर मी हिला परत घिऊन जातो."

बनुबाईनं इतक्या वर्षांत पेशंटांपुढं कधी डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला हुंदका आवरला नाही. रडता रडताच तिनं धोंडुबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला घेऊन बाकावर बसली.